मेसच्या वेळा आधी पाठ करा

पहिल्यांदाच घर सोडून विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहायला जाताय, तिथलं जेवण मानवेल का आणि एकटं तर पडणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी पाच वर्षं कॅम्पसवर काढली आहेत. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. जेवायला कुठे आणि कुणाबरोबर बसता, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

पहिले काही आठवडे मी ताट वाढून घ्यायचे आणि थेट खोलीवर नेऊन जेवायचे. इतक्या अनोळखी चेहऱ्यांत बसायला जीव घाबरायचा. मग एकदा तापाने दीड दिवस झोपून होते. तिसऱ्या वेळेला कशीबशी मेसमध्ये गेले, तर वाढणाऱ्या मावशी पळी तशीच हातात धरून म्हणाल्या, "काल दोन्ही वेळा दिसली नाहीस. बरं नाही का?" अख्ख्या मजल्यावर मी नसल्याचं कळलं होतं ते फक्त त्यांना. त्या दिवशी मी तिथेच, कडेच्या बाकावर बसून जेवले. शेजारी दुसऱ्या विभागातली एक मुलगी होती. ती आधी सगळी भाजी संपवायची आणि मग बाकीच्या ताटाला हात लावायची. रोज तीच जागा, तीच वेळ. चौथ्या दिवशी बोलायला लागलो, आणि आजही बोलतो. म्हणून सांगते, सुरुवातीचा महिनाभर तरी ताट खोलीवर नेऊ नका. तेव्हा सगळेच नवे असतात आणि कुणाहीजवळ जाऊन बसलं तरी चालतं. नंतर गट ठरून जातात.

वेळापत्रक हातात आलं की मेसच्या वेळा त्याच्या शेजारी लिहा. ज्या दिवशी प्रॅक्टिकल जेवणाच्या वेळेवर येतं, त्या दिवसाचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. सकाळचा नाश्ता बुडवला की अकराच्या तासाला डोळे मिटतात, मग कॅन्टीनचं तळलेलं खाणं होतं आणि दुपारी भूकच राहत नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की मोडणं फार कठीण जातं. रात्रीच्या कॉफीचंही तसंच. कॅफिनचं अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. म्हणजे संध्याकाळी 6 वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन 11 वाजताही अंगात असतं. झोप का येत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. उरलेलं जेवण डब्यात भरून टेबलावर ठेवू नका. शिजवलेलं अन्न 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. भाताच्या बाबतीत जास्तच जपा. त्यात शिजवूनही टिकणारे जिवाणूंचे बीजाणू असतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज नसेल तर लागेल तेवढंच वाढून घ्या. तरीही पोट बिघडलंच आणि ओआरएसचं पाकीट जवळ नसेल, तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पीत राहा. चमचा चहाचा, मोठा नाही.

रूममेटशी दिवे कधी बंद करायचे आणि पाहुणे कधी येणार, एवढं पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. भांडणं बहुतेक यावरूनच होतात.

मेसचा फॉर्म भराल तेव्हा दोन गोष्टी विचारा. जेवणार नसाल तर किती दिवस आधी कळवायचं, आणि सुट्टीत मेस नेमकी कोणत्या तारखेला बंद होते. परीक्षा संपली, घरची गाडी दोन दिवसांनी आहे आणि मेसला कुलूप, असं मी पहिल्याच वर्षी अनुभवलंय.