घरात पाणी वाचवल्याने नदीतले पाणी वाढते का?

घरात वापरलेले पाणी शेवटी गटारातून नदीतच जाते, मग ते वाचवून नदीला काय मिळणार, हा आपला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मोरीतून बाहेर पडलेले पाणी पुढे कुठे जाते यावर ठरते.

नदीतून उपसलेले पाणी आणि खर्ची पडलेले पाणी यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. जे वाफ होऊन हवेत जाते, झाडांच्या पानांतून उडून जाते किंवा त्या खोऱ्यात परतच येत नाही, ते खर्ची पडले. आंघोळ, भांडी आणि फ्लश यांचे बहुतेक सगळे पाणी मात्र मोरीतून पुढे वाहत जाते. जुन्या 13 लिटरच्या टाकीऐवजी 6 लिटरची टाकी बसवली, तर दर फ्लशला 7 लिटर उपसा कमी होतो. पण सांडपाणी प्रक्रियेनंतर त्याच नदीत सोडले जात असेल, तर प्रक्रिया केंद्राच्या खाली नदीचा प्रवाह जवळपास पूर्वीइतकाच राहतो. याउलट 100 चौरस मीटर हिरवळीवरून उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडून गेले, तर ते 500 लिटर भरते, आणि त्यातले काहीच नदीत परतत नाही.

अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या लास वेगास शहरात हा हिशेब कायद्यातच उतरला आहे. कोलोरॅडो नदीतून नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला 3 लाख एकर-फूट आहे (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच साचेल एवढे पाणी), पण प्रक्रिया करून मीड सरोवरात, म्हणजे याच नदीवरच्या धरणाच्या जलाशयात, परत सोडलेल्या पाण्याइतके जास्तीचे पाणी उचलता येते. म्हणून तिथे बचतीचा खरा भर हिरवळ काढण्यावर आहे, आणि कार्यालये, रस्त्यांच्या कडा अशा ठिकाणच्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला 2027 पासून नदीचे पाणी द्यायचे नाही, असा कायदा 2021 मध्ये झाला.

यावरून घरातली बचत निरुपयोगी आहे असे मात्र कृपया समजू नका. शहर समुद्रकाठी असून सांडपाणी समुद्रात जात असेल, किंवा पाणी एका खोऱ्यातून आणून सांडपाणी दुसऱ्या खोऱ्यात सोडले जात असेल, तर मूळ नदीच्या दृष्टीने फ्लशचा प्रत्येक लिटर खर्चीच पडतो. पाणी त्याच नदीत परतत असले, तरी उपशाची जागा आणि सांडपाणी सोडण्याची जागा यांच्यामधला पट्टा उरतोच, आणि ऐन उन्हाळ्यात, नदीत आधीच थोडे पाणी असताना, तिथल्या माशांना तो कमी झालेला उपसा जगवू शकतो. माझ्या मते या पट्ट्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शिवाय परतणारे पाणी उपसलेल्या पाण्याइतके स्वच्छ क्वचितच असते, आणि पाणी धरणातून येत असेल तर वाचलेला साठा कोरड्या महिन्यांसाठी शिल्लक राहतो.

एक अट मात्र आहे. वाचलेले पाणी नव्या जोडण्यांना किंवा नव्या बागांना दिले गेले, तर उपसा तेवढाच राहतो आणि नदीला काहीच मिळत नाही. म्हणून पाणीपुरवठा यंत्रणेने आपला उपसा प्रत्यक्षात किती घटवला, हे नागरिकांनी विचारले पाहिजे.