जेहान दारुवाला फॉर्म्युला वनपर्यंत का पोहोचला नाही?

माझ्या मते मुख्य कारण म्हणजे फॉर्म्युला टू या एक पायरी खालच्या मालिकेतले निकाल. एफ-वनच्या सुपर लायसन्ससाठी, म्हणजे तिथे गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी, तीन मोसमांत मिळून 40 गुण लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना ते एकाच मोसमात मिळतात, सातव्याला फक्त 8. आणि मुंबईचा हा पोरगा 2021 आणि 2022, दोन्ही वर्षं सातवाच आला.

वेग नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. 2011 मध्ये फोर्स इंडिया या एफ-वन संघाच्या शोधमोहिमेतून निवडला गेलेला जेहान 2019 ला प्रेमा संघाकडून फॉर्म्युला थ्रीमध्ये, म्हणजे फॉर्म्युला टूच्या खालच्या मालिकेत, तिसरा आला. डिसेंबर 2020 मध्ये बहारीनच्या साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली; या मालिकेत जिंकणारा तो पहिला भारतीय. 2022 ला इटलीतल्या मोंझाची फॉर्म्युला टूची मुख्य शर्यतही त्याचीच!

पण फॉर्म्युला टूमधला 2020 चा मोसम महागात पडला. कार्लिन संघातला त्याचा जोडीदार युकी सुनोदा तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी एफ-वनमध्ये गेला. जेहान बारावा राहिला. दोघेही रेड बुल या एफ-वन संघाने घडवायला घेतलेले ज्युनियर चालक होते, त्यामुळे तुलना अटळ होती. एफ-वनच्या ग्रिडवर तेव्हा जागा अवघ्या 20, त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या. 2024 मध्ये तो मासेरातीकडून फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेत उतरला.