उत्तर: जेआर-१, चौदावा आठवडा, टीबीचा वॉर्ड. आधी रजेचा अर्ज इनवर्ड कर (आवक रजिस्टरला चढव)

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मेडिसिनच्या एमडीची फर्स्ट इयर रेसिडेंट (जेआर-१), प्रेग्नन्सीचा चौदावा आठवडा, वॉर्डात टीबीचे पेशंट, इमर्जन्सीला छत्तीस छत्तीस तास, आणि प्रसूती रजेचं विचारलं तर युनिटमधून उत्तर काय तर "बघू गं, अजून वेळ आहे, रजा कुठे पळून जातेय". माझं सेकंड इयरला हेच झालं होतं, ब्रांचसुद्धा हीच. वयाने मोठी असणार म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

फॉलिक अॅसिड, तपासण्या, सोनोग्राफ्या हे तुला सांगत नाही, दिवसभर तूच पेशंटना सांगत असशील. मला बोलायचंय ते कागदाबद्दल, कारण मला प्रेग्नन्सीने जेवढा त्रास दिला नाही तेवढा एका टेबलाने दिला.

आमच्याकडे रेसिडेंटचं कागदपत्र बघणारा जो विभाग होता (नाव घेत नाही, कॉलेजचंही नाही) तिथे मी एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीसकट रजेचा अर्ज दिला होता. समोरच्या माणसाने तो घेतला, टाचणी लावली आणि गठ्ठ्यात खुपसला. आवक रजिस्टर हाताशीच उघडं होतं, त्यात चढवलाच नाही. पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आहे म्हणे, उद्या या. उद्या तोच शिक्का दुसऱ्या टेबलावर. मला तेव्हा नववा लागला होता आणि जिन्याने दोन मजले चढून जायचं, लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. बाळंतपणानंतर जॉइन झाले तेव्हा मस्टरला माझ्या नावापुढे प्रसूती रजा नव्हतीच, सलग गैरहजर. स्टायपेंड बंद. टर्म वाढवायचं पत्र विद्यापीठाला गेलेलंच नाही, त्यामुळे हजेरी कमी, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म परत. बॅच एमडी होऊन बाहेर पडली आणि मी एक अख्खी परीक्षा मागे राहिले, तान्हं बाळ मांडीवर घेऊन त्या ऑफिसबाहेरच्या बाकावर. आतून उत्तर यायचं की तुम्ही स्टुडंट आहात, एम्प्लॉई नाही, तुम्हाला मॅटर्निटी कसली. रात्रीची ड्युटी लावताना कर्मचारी आणि रजा मागताना विद्यार्थी, हा कुठला न्याय? अजून आठवलं की डोकं भणभणतं.

शेवटी मार्डच्या (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या) मुलांनी सोबत येऊन लेखी निवेदन दिलं तेव्हा फाइल हलली. तुमच्या युनिटच्या मार्ड प्रतिनिधीला आजच सांगून ठेव, अडल्यावर नको.

आता नियम. मी वकील नाही, तुझ्या कॉलेजचे कागद तूच तपासून घे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२३ च्या पीजी नियमांत स्पष्ट आहे की महिला रेसिडेंटला सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा मिळते. हजेरी वर्षाला किमान ८० टक्के लागते, म्हणून रजा "रजा" म्हणूनच लागणं एवढं महत्त्वाचं. जादा झालेले दिवस टर्म वाढवून भरायचे असतात, ते मान्य आहे, पण ते वाढवायचं पत्र वेळेत जायला हवं ना. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे झाले, त्यातले डिलिव्हरीआधी जास्तीत जास्त आठ घेता येतात. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. त्यात एक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती. डिलिव्हरीच्या तारखेआधीचे सहा आठवडे सोड, त्याच्याही आधीचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, बाईला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. पण कधी? तर तिने स्वतः मागणी केली तरच. न मागता कुणी देत नाही आणि तोंडी मागितलेलं उद्या कुणाला आठवत नाही. स्टुडंट की एम्प्लॉई हा वाद तुझ्याकडेही निघेल, पण अर्जात कायदा आणि पीजी नियम दोन्हींचा उल्लेख कर, मग नाही म्हणणाऱ्यालाही लेखी नाही म्हणावं लागतं. कमी उभं राहण्याची ड्युटी आणि रजा, दोन वेगळे अर्ज, दोन्हींच्या दोन प्रती, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का. शिक्का मिळेना तर त्याच संध्याकाळी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठव, एचओडींना कॉपी ठेव, रजिस्टर पोस्टानेही टाक.

टीबीची भीती वाटते लिहिलंयस, ती रास्त आहे. एन-९५ नीट फिट बसणारा हवा, सर्जिकल मास्कने टीबी अडत नाही. खोकल्याचे पेशंट बदलून दुसऱ्या वॉर्डात पोस्टिंग मागायला अजिबात लाजू नकोस. माझ्या एका बॅचमेटचं सहाव्या महिन्यात वजन वाढेना, संध्याकाळी अंग कोमट, सगळे म्हणाले ड्युटीने थकलीस. निघालं टीबीचं प्लुरल इफ्युजन (फुप्फुसाभोवती पाणी). तेव्हा दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा वजन न वाढणं हे थकव्याच्या खाती टाकू नकोस, शिल्ड लावून काढलेल्या छातीच्या एक्स-रेचा डोस बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. टीबीची औषधं प्रेग्नन्सीतही चालतात (स्ट्रेप्टोमायसिन मात्र नाही, बाळाच्या कानांना धोका), त्या बॅचमेटने पूर्ण कोर्स केला, बाळ ठणठणीत आहे. हे तुझ्या डॉक्टरांशी बोलूनच, मी काही तुला तपासलेलं नाही.

सुई टोचली तर मात्र थांबू नकोस. पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायची औषधं) शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, प्रेग्नंट आहे म्हणून ते टाळायचं कारण नाही. ड्युटीवर पाणी प्यायला आणि बाथरूमला जा, युरिन इन्फेक्शन आमच्यात अर्ध्या जणींना व्हायचं. आणि लोहाची गोळी कॅंटीनच्या चहाबरोबर नको.

एक मत, पटलं तर घे: कळा सुरू होईपर्यंत ड्युटी करून सगळी रजा नंतरसाठी साठवायचा जो प्रकार चालतो तो मला मान्य नाही. सिनियर कौतुक करतात, पण पायाला सूज आणि वाढलेलं बीपी घेऊन तू उभी असतेस. टर्म महिनाभर पुढे गेली तर जाऊ दे.

तुझी ड्यू डेट आणि टर्म संपायची तारीख सांगशील का? अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, नावं काढून इथेच टाकते, आणि डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (जिल्हा रुग्णालयातल्या पोस्टिंगचे) तीन महिने नेमके कधी येतात तेही बघ, ते रजेत अडकले तर त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल.