ताई, आधी डोळे तपासा, जॉयस्टिक नंतर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही कोरेगावकडं झेडपीच्या शाळेत शिकवता, मुलगी बारावी सायन्सला साताऱ्यात रूमवर राहते, तिला फायटर पायलट व्हायचंय. पुण्यातल्या कुठल्यातरी क्लासवाल्यानं सांगितलं की पायलटची मशीनवरची टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून आत्ताच सिम्युलेटर बॅच लावा, फी पंचेचाळीस हजार. मामा म्हणतो भरून टाका, मिस्टर म्हणतात पोरीच्या जातीला विमान कशाला, अन् तुम्ही मधल्या मधे अडकलाय. शिवाय ती मोबाईलवर विमानाचा गेम खेळते तो बंद करू का, हेही विचारलंय.

गेमचं आधी सांगतो, ते सोपंय. बंद करू नका पण त्याला तयारी म्हणू नका.

आता टेस्ट. क्लासवाल्यानं सांगितलं ते खोटं नाही. तिचं नाव सीपीएसएस, म्हणजे कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम, आधी हिलाच पीएबीटी म्हणायचे, आमच्या वेळचे लोक अजून तेच म्हणतात. एअरफोर्सच्या फ्लाइंग ब्रँचसाठी ती एकदा नापास झाली की परत चान्स नाही, मग एनडीएतून, म्हणजे बारावीनंतरच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीतून या नाहीतर ग्रॅज्युएशननंतर एएफकॅटमधून, म्हणजे एअरफोर्सच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून या. हे खरंय. पण ह्या एका खऱ्या गोष्टीची भीती घालून पंचेचाळीस हजार मागायचे ते मला पटत नाही, कारण तुमच्या मुलीनं अजून एनडीएची लेखी दिलेली नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं चाललंय हे.

मी स्वतः पायलट नाही हे आधीच सांगतो. वीस वर्षं एअरफोर्समध्ये इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, म्हणजे ही मुलं टेस्टमध्ये जे डायल वाचतात ते मी हातात घेऊन उघडलेत, साफ केलेत, परत बसवलेत. रिटायर झाल्यावर साताऱ्यात पोरांना फुकटात सांगत बसतो, बायको म्हणते ह्याच्यापेक्षा पेढ्याचं दुकान टाका. असो.

पहिलं काम ह्या आठवड्यात करा, खर्च डॉक्टरच्या फीएवढा. तिला चांगल्या डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या आणि स्पष्ट सांगा की एअरफोर्स फ्लाइंगसाठी बघायचंय. चष्मा आहे का हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही! दूरचा चष्मा असेल, म्हणजे मायनस नंबर, तर एनडीएतून फ्लाइंगचा दरवाजा जवळजवळ बंदच समजा, आणि लेझर करून घेऊ म्हणाल तर वीस वर्षांच्या आत केलेलं ऑपरेशन चालत नाही, एनडीएला तर साडेएकोणिसाच्या आतच जायचं असतं, म्हणजे हिशोबच बसत नाही. रंग ओळखायची टेस्टही करून घ्या, ती ठिपक्यांतले आकडे वाचायची पुस्तिका असते ना, ती. माझ्या सख्ख्या पुतण्याचं असंच झालं, पोरगं लेखी पास, इंटरव्ह्यू पास, अन् मेडिकलला कळलं की लाल-हिरव्यात गडबड आहे. अठरा वर्षं घरात कुणाला पत्ता नव्हता. भाऊ आजून मला म्हणतो, तू एअरफोर्समधे होतास, तुला सुचलं कसं नाही. बरोबर आहे त्याचं.

दुसरं मोजमाप. उंची फ्लाइंगला किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, तुमच्या मुलीची १६४ आहे म्हणजे पास. पण एवढ्यावर भागत नाही, कॉकपिटमध्ये बसवायचं असतं माणसाला, त्यामुळं बसलेली उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटीमीटर, असा हिशोब असतो. भिंतीला पाठ टेकवून घरी मापून अंदाज येतो. जाहिरात निघाली की त्यातले आकडे परत ताडून बघायचे, माझ्या पत्रावर विसंबू नका.

तिसरं, लेखी. यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, बारावीत असतानाच देता येते, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स तिन्ही लागतात ते तिच्याकडं आहेत. गणित ३०० मार्कांचं, जनरल अॅबिलिटी ६०० ची, त्यातलं २०० चं इंग्लिश, आणि पेपर इंग्लिश-हिंदीत, मराठीत नाही. निगेटिव्ह मार्किंग आहे. त्याच्यावर एसएसबी, म्हणजे लेखीनंतरची सिलेक्शन बोर्डाची मुलाखत, ९०० मार्कांची. आणि एक कडू आकडा सांगतो, अलीकडच्या काही जाहिरातींत एनडीएतून एअरफोर्स फ्लाइंगच्या जागा ९२ होत्या अन् त्यात मुलींसाठी २. दोन! म्हणून मी कुठल्याही मुलीला फक्त एनडीए धरून बस असं सांगत नाही. एएफकॅट वीस ते चोवीस वयात देता येते, कुठलीही डिग्री चालते फक्त साठ टक्के पाहिजेत आणि बारावीला मॅथ्स फिजिक्स असायला हवं. कॉलेजला गेली की एनसीसी एअर विंग मिळाली तर घ्या, सी सर्टिफिकेटवाल्यांना वेगळी वाट आहे.

आता मूळ टेस्ट, ती एसएसबीच्या टप्प्यावर येते, एअरफोर्सच्या सिलेक्शन बोर्डात. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी असे बोर्ड आहेत, आपल्याकडनं म्हैसूर त्यातल्या त्यात बरं, मिरजेवरनं गाड्या आहेत. टेस्टचे साधारण दोन भाग समजा, एक डोक्याचा, एक हातापायाचा.

डोक्याचा भाग म्हणजे इन्स्ट्रुमेंट बॅटरी. विमानातले डायल दाखवतात, अल्टिमीटर, स्पीडचा, होकायंत्र, वर चढतंय का खाली उतरतंय ते दाखवणारा, वळण दाखवणारा आणि आर्टिफिशियल होरायझन. काटे वाचायचे, आणि पुढच्या भागात काटे बघून विमान कसं उडतंय ते ओळखायचं. पोरं रट्टा मारतात अन् इथंच फसतात. अल्टिमीटर घ्या. आतमध्ये हवेचा दाब मोजणारी बंद डबी असते, वर जाल तसा दाब कमी, डबी फुगते, काटा फिरतो, एवढंच. जाड छोटा काटा हजाराचा, लांब काटा शंभराचा. महाबळेश्वरला तो ठेवला तर साधारण ४,४०० फूट दाखवेल, छोटा काटा ४ च्या पुढं आणि लांब काटा ४ वर. आता समजा छोटा काटा ४ ला टेकल्यासारखा दिसतोय आणि लांब काटा ९ वर आहे. दहातली सहा पोरं ४,९०० लिहितात. चूक. ३,९०० आहे ते, छोटा काटा अजून ४ ला पोचायचाय. पावणेचार वाजता घड्याळाचा तासकाटा चाराच्या जवळच असतो पण आपण पावणेपाच म्हणतो का? तसंच हे. म्हणून माझं पहिलं होमवर्क असतं की आठवडाभर आकडे नसलेलं काट्याचं घड्याळ वापर, मोबाईलवर टाइम बघू नको. आजकालच्या मुलांना काटेच वाचता येत नाहीत हो, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

होरायझनचा घोळ ह्याच्याहून मोठा. त्यात विमान मध्यभागी स्थिर असतं आणि क्षितिजाची रेघ हलते. विमान उजवीकडं कललं की रेघ उजव्या बाजूला वर जाते, डावीकडं खाली येते, अन् मुलं रेघ बघून डावीकडं म्हणतात. पाठ करून उपयोग नाही, टेन्शनमध्ये उलटं होतं. तिला यवतेश्वरच्या घाटातनं मोटरसायकलवर मागं बसवून कासला न्या एकदा, गाडी वळणावर उजवीकडं कलली की समोरचा डोंगर डावीकडं तिरका झाल्यासारखा दिसतो, तेच ते. एकदा अंगात बसलं की जन्मभर चुकत नाही. नाक वर केलं की रेघ खाली जाते आणि निळं जास्त दिसतं, हे त्याच्याच पुढचं.

होकायंत्राला मात्र आपण मराठी लोक नशीबवान. ४५ अंश म्हणजे ईशान्य, १३५ आग्नेय, २२५ नैऋत्य, ३१५ वायव्य, एकेका दिशेला एकेक शब्द, इंग्लिशवाल्यांना दोन दोन जोडावे लागतात. पण टेस्ट इंग्लिशमध्ये असते म्हणून हेडिंग म्हणजे विमानाचं तोंड कुठल्या दिशेला, बँक म्हणजे कलणं, क्लाइंब म्हणजे चढणं, डिसेंड म्हणजे उतरणं, हे शब्द कानाला सवयीचे पाहिजेत.

घरी काय करायचं ते आता नीट ऐका, ह्याला पैसे लागत नाहीत. जुन्या वहीच्या पानाचं विमान करा. शनिवारी ती घरी आली की तुम्ही बोलायचं, ‘हेडिंग टू टू फाइव्ह, बँक लेफ्ट, क्लाइंबिंग’, आणि तिनं विमान हातात तसं धरायचं, उत्तर दिशा कुठली ते आधी ठरवून. वीस वेळा. मग उलटं, तुम्ही धरा, तिनं बोलायचं. ह्यात एक खोच आहे, विमान तुमच्याकडं तोंड करून येत असेल तर त्याचा उजवा पंख तुमच्या डाव्या हाताला असतो, आणि टेस्टच्या चित्रात नेमकं तिथंच मुलं गडबडतात. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्यापेक्षा चांगला क्लास कुठला मिळणार तिला. पंधरा दिवसांत फरक दिसतो, हे मी माझ्याकडं येणाऱ्या मुलांवरनं सांगतो.

हातापायाचा भाग वेगळा. हातात स्टिक, पायाखाली पेडल, समोर स्क्रीनवर ठिपका पळत असतो त्याला मध्ये धरून ठेवायचं, त्यात मध्येच लाइट लागते, आवाज येतो, त्याला दुसऱ्या हातानं उत्तर द्यायचं, ह्याला एसएमए म्हणतात. दुसरी सीव्हीटी, तिच्यात पुढं सरकणाऱ्या वाटेवर काट्याला धरून ठेवायचं असतं. इथं माझं मत क्लासवाल्यांना आवडत नाही. ह्या भागात मशीन तुमचा जन्मजात ताळमेळ बघतं आणि तो महिनाभराच्या बॅचनं फार हलत नाही. पण सवयी हलतात. नापास होऊन आलेल्या मुलांना मी विचारतो काय झालं, बहुतेकांचं एकच उत्तर, सर ठिपका पळाला अन् मी जोरात ओढलं, तो दुसरीकडं गेला, मी परत ओढलं. घाबरलेला हात. स्टिक कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखी धरायची, थोडं हलवायचं, सोडायचं, बघायचं, परत थोडं. आणि लाइट चुकली तर चुकली, तिचा विचार करत बसलं की पुढच्या तीन चुकतात.

ही सवय घरी कुठं लागेल? टेबल टेनिस, बॅडमिंटन खेळू दे. पायाचं शिलाई मशीन असेल तर तिला द्या सरळ शिलाई मारायला, पाय एका तालात, हात दुसऱ्या कामात, कान तुमच्या बोलण्याकडं. ह्यानं मार्क वाढतात असा दावा मी करत नाही, पण हात-पाय-कान एकदम चालवायची भीती जाते. लेखी पास झाल्यावर एखादी साधी यूएसबी जॉयस्टिक घेऊन लॅपटॉपवर फ्लाइट सिम्युलेटर खेळली तर चालेल, त्यातही गोळ्या झाडायच्या नाहीत, सरळ, एका उंचीवर, एका दिशेनं दहा मिनिटं उडवून दाखव म्हणा. बघा किती कंटाळते ते.

टेस्टच्या दिवशी आधी सगळं समजावून सांगतात, त्यावेळी निम्मी मुलं बाजूच्याशी हळू आवाजात बोलत असतात. तिला सांगा कान उघडे ठेव, शंका असेल तर तिथंच विचार, मशीन सुरू झाल्यावर कुणी विचारू देणार नाही. आणि आदल्या रात्री झोप. माझ्याकडचा एक पोरगा रात्रभर गाडीत जागा न मिळाल्यानं उभा गेला होता. एसएसबीचं बोलावणं येतं तेव्हा रिझर्व्हेशन लगेच करा, पहिल्यांदा जाणाऱ्याला भाडं परत मिळतं, तिकिटं जपून ठेवा.

पंचेचाळीस हजार आत्ता भरू नका. लेखी निघाली, डोळे ठीक आले, एसएसबीचं पत्र हातात पडलं, मग एक-दोन दिवस कुठं खऱ्या पेडल-स्टिकवर बसायला मिळत असेल तर थोडे पैसे घालवले तर हरकत नाही. महिनाभराची गॅरंटी बॅच कुणी विकत असेल तर त्याला विचारा, नापास झाली तर फी परत देणार का. त्या प्रश्नावर फोन कसा ठेवतात बघा.

आणि समजा नापास झाली, तर? फ्लाइंग गेलं, एअरफोर्स गेली नाही. ग्राउंड ड्युटीचे मार्ग राहतात. सिव्हिल पायलटला तर ही टेस्ट आडवीच येत नाही, तिथं पैसा आडवा येतो, दोनशे तास उडवायला लागतात. हे तिला टेस्टच्या आधीच सांगून ठेवा, ‘एकच चान्स, एकच चान्स’ असं घरात रोज वाजत राहिलं तर तोच हात स्टिकवर घट्ट होतो.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. आपल्या जिल्ह्यात अपशिंगेसारखं गाव आहे, एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यातच निघालं, त्यामुळं फौज आपल्याला नवीन नाही. नवीन एवढंच की आता पोरी पण जातात. २०१६ ला तीन मुली फायटरमध्ये आल्या, २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतनं मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, सतरा जणी. मिस्टरांशी वाद घालू नका, रविवारी कागदाचं विमान त्यांच्या हातात द्या आणि तिला हेडिंग सांगायला लावा.

डोळ्यांचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा. आणि मांडीचं माप पण, ते तुम्ही विसरणार मला माहितीय.