बीटच्या रसाने नायट्रिक ऑक्साइड वाढतं म्हणतात, मग कॅन्सर होतो की टळतो?

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरणाऱ्यांमध्ये हाच वाद चालतो. खरं तर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. सगळा खेळ प्रमाणाचा.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू पेशींमधला निरोप्या. त्यावरच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. थोडा, पण सतत तयार झाला तर कॅन्सरच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, तिच्या पेशी तगतात. कृष्णेच्या पाटाचं पाणी उसाबरोबर तणही पोसतं, तसंच. एकदम भरपूर झाला, तर त्याच पेशी मरतात. आपल्या शरीरातल्या, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी हेच हत्यार वापरतात. जुनाट सूज मात्र वाईट: तिथे तो वर्षानुवर्षं डीएनए बिघडवत राहतो.

बीट खुशाल खा. तो कॅन्सरवरचा उपचार नव्हे. तंबाखूची पुडी आधी टाका!