वाचकांचे प्रश्न : लुडविगचे जुने ड्रम

प्रश्न : जुन्या ड्रमवर कधी ‘लुडविग’, कधी ‘डब्ल्यूएफएल’ असा बिल्ला असतो. कंपन्या दोन आहेत का? (कोल्हापूर)

घराणं एकच. विल्यम लुडविग आणि धाकटा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये शिकागोत ‘लुडविग अँड लुडविग’ काढली, तीही ड्रम विकायला नव्हे, तर बास ड्रमच्या पेडलसाठी. रॅगटाइम या तेव्हाच्या लोकप्रिय अमेरिकन संगीताचा वेग त्या वेळच्या पेडलना झेपत नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात थिओबाल्ड गेला. पुढे बोलपट आले, थिएटरांतल्या वादकांचं काम सुटलं आणि १९२९-३०च्या सुमारास कंपनी ‘कॉन’ या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेली. कारखाना इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला हलला. विल्यम तिथून १९३६ मध्ये बाहेर पडला आणि १९३७ मध्ये शिकागोत पुन्हा उभा राहिला. पण आडनाव विकून बसलेला! म्हणून विल्यम एफ. लुडविग या नावाच्या आद्याक्षरांची ‘डब्ल्यूएफएल’. नाव परत विकत घेता आलं ते १९५५ मध्ये. त्यामुळे १९४० सालचा ‘लुडविग अँड लुडविग’ ड्रम कॉनने बनवलेला असतो, लुडविगांनी नव्हे. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

प्रश्न : माझ्या लुडविग सुप्राफोनिक या धातूच्या स्नेअर ड्रमच्या क्रोमला फोड आले आहेत. पुन्हा मुलामा द्यावा का? (रत्नागिरी)

देऊ नका. याचं शेल (ड्रमचं गोल अंग) पितळी असल्याचा समज आहे, पण सुरुवातीची थोडी वर्षं सोडली तर ते अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो, त्यामुळे वरचा मुलामा घट्ट बसत नाही. घाम आणि दमट हवा बारीक छिद्रांतून आत शिरते, धातूंच्या सांध्यात गंज सुरू होतो आणि क्रोम फुगून पापुद्रे सुटतात. नव्या मुलाम्यासाठी शेल घासावं लागतं. ते पातळ होतं आणि किंमतही उतरते. आवाजाला फोडांनी फारसा फरक पडत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा. भांडी चमकवण्याची पेस्ट लावू नका, सुटलेली कड आणखी उचलते. पावसाळ्यात बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

अस्सलपणाची सोपी चाचणी : शेलला लोहचुंबक लावा. चिकटला तर ते पोलाद आहे, सुप्राफोनिक नव्हे. चाचणी शेलवरच करा. रिम (कातडं ताणणारं धातूचं कडं) आणि बोल्टना तो चिकटू शकतो.

प्रश्न : बिल्ल्यावरच्या क्रमांकावरून साल कळतं का? (पुणे)

अंदाजच. क्रमांक १९६३ च्या अखेरीपासून आले. ९ फेब्रुवारी १९६४ ला टीव्हीवरच्या एड सलिव्हन शोमध्ये बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टारच्या बास ड्रमवर ‘लुडविग’ हे नाव अमेरिकेने पाहिलं आणि मागणीचा लोंढा लागला. कारागीर पेटीतून हाताला येईल तो बिल्ला ठोकत, क्रमवारी पाळली जात नसे. लाकडी ड्रममध्ये आत लाल शाईचा तारखेचा शिक्का सापडला तर त्यावर जास्त भरवसा ठेवा. शेलही पाहा : आतून दोन्ही कडांना लाकडी पट्टी आणि तीन थर असतील तर साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापूर्वीचं, पट्टी नाही आणि सहा थर असतील तर नंतरचं. कंपनी १९८१ मध्ये सेल्मर या वाद्यनिर्मात्या कंपनीने घेतली आणि १९८४ मध्ये काम नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रोला गेलं. बिल्ल्यावर मन्रो असेल तर ‘साठच्या दशकातला’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.