एसईओ आणि ऑनलाइन मार्केटिंगच्या कोटेशनमध्ये जे शब्द असतात, त्यांचा नेमका अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळच्या मुरुडला तुमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, साधी वेबसाइट आहे, आणि एका एजन्सीने एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाचं, कोटेशन पाठवलंय. त्यात ऑन-पेज, ऑफ-पेज, ‘डीए ४० च्या वरच्या ५० बॅकलिंक्स’, मेटा कीवर्ड, महिन्याला एक लाख इम्प्रेशन्स आणि ‘३० दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी’ अशी यादी आहे. यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, असा तुमचा प्रश्न.

मी हेच काम करते आणि माझे बरेच ग्राहक कोकणातले छोटे व्यावसायिक आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोटेशनमधला प्रत्येक शब्द वाचताना स्वतःला एकच गोष्ट विचारत जा: हा आकडा मोजतं कोण? गूगल, दुसरी एखादी कंपनी, की एजन्सी स्वतःच? आणि तो मला माझ्या लॉगिनने बघता येईल का? एवढं विचारलं तरी अर्धं कोटेशन आपोआप गळून पडतं.

आधी गॅरंटी. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने साइटमालकांसाठीच्या मार्गदर्शनात स्वतःच लिहून ठेवलंय. शिवाय पहिला नंबर कोणत्या शब्दांवर, ते तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच नाही. होमस्टेचं पूर्ण नाव टाइप केलं तर बहुधा आजही तुम्हीच वर असाल. त्यासाठी कोणाला पैसे मोजायचं कारण नाही.

आता मुळातलं काम कसं चालतं ते. गूगलबॉट नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचत फिरतो, त्याला क्रॉलिंग म्हणतात. वाचलेलं पान गूगलने आपल्या साठ्यात घेतलं की ते इंडेक्स झालं. कोणी काही शोधलं की त्या साठ्यातलं कोणतं पान वर दाखवायचं हे ठरतं, ते रँकिंग. जे पान इंडेक्सच झालेलं नाही, त्याचं रँकिंग कोणी कितीही पैसे घेतले तरी सुधारणार नाही. साइट तयार होत असताना डेव्हलपर ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे हे पान साठ्यात घेऊ नका अशी, सूचना लावतात आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते, असं पुष्कळदा दिसतं. म्हणून कोटेशनला उत्तर देण्याआधी गूगल सर्च कन्सोल उघडा. ते फुकट आहे. कोणती पानं इंडेक्स झाली, कोणती नाहीत आणि का, हे त्यात दिसतं, आणि लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, हे तर १६ महिने मागेपर्यंत दिसतं. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, तिथेच देता येते.

कीवर्डवर मात्र थांबायला हवं, कारण तुमच्या धंद्याची खरी गोम तिथेच आहे. कीवर्ड म्हणजे शोधणारा माणूस जे टाइप करतो ते. आणि मुरुड काही एकच नाही. रायगडमधलं जंजिऱ्याचं मुरुड, रत्नागिरी जिल्ह्यातलं तुमचं, म्हणजे महर्षी कर्व्यांचं मुरुड, आणि लातूर जिल्ह्यातलंही मुरुड. ‘मुरुड बीच होमस्टे’ असं शोधणाऱ्यांपैकी कितीतरी जण जंजिरा बघायला निघालेले असतात. त्या शब्दांवर तुम्ही वर आलात तरी फोन येतील ते किल्ल्याच्या बोटीची वेळ विचारायला. ‘मुरुड दापोली होमस्टे’, ‘कर्दे बीचजवळ राहायची सोय’, ‘हर्णैजवळ घरगुती जेवण’ असे लांबट, नेमके शब्द शोधणारे थोडे असतात, पण ते तुमच्याच गावाला येणारे असतात. यांना लाँग टेल कीवर्ड म्हणतात. किती लोक एखादा शब्द शोधतात त्याला सर्च व्हॉल्यूम म्हणतात, आणि लाँग टेलचं व्हॉल्यूम कमी असल्याने रिपोर्टमध्ये ते भरघोस दिसत नाहीत. एजन्सीला ते आवडत नाहीत याचं कारण तेच. चार खोल्या भरायला लाखो लोक लागत नाहीत, हे तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा.

एकच गाव लोक हर्णै असंही लिहितात आणि हर्णे असंही. पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक तर मराठी शब्दसुद्धा रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून एक पान मराठीत आणि एक इंग्रजीत ठेवा, आणि गावाचं नाव लोक जसं लिहितात तसं दोन्हीकडे सहज वाक्यात येऊ द्या. एकाच परिच्छेदात तेच नाव दहा वेळा कोंबलं तर त्याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात, आणि ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मात्र रोमन लिपीत ठेवलेला सोयीचा. देवनागरी यूआरएल चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला कॉपी केला की बहुतेक वेळा एकेका अक्षरचिन्हाच्या जागी नऊ-नऊ चिन्हं येतात. नुसत्या ‘मुरुड’ची पंचेचाळीस होतात. अशी लिंक उघडायला लोक घाबरतात.

याच्याच जोडीचा शब्द सर्च इंटेंट, म्हणजे टाइप करणाऱ्याच्या मनात काय आहे ते. ‘दापोली एसी रूम भाडे’ शोधणारा बुकिंगच्या बेतात आहे. त्याला दर, फोटो आणि फोन नंबर लगेच दिसले पाहिजेत. ‘आंजर्ले कासवं कधी बघायला मिळतात’ हे शोधणारा अजून फक्त विचार करतोय. त्याच्यासाठी माहितीचं पान हवं, आणि ते तुम्हीच लिहायला हवं. पिल्लं समुद्रात सोडतात ते साधारण कोणत्या महिन्यांत, पहाटे किती वाजता निघावं लागतं, पावसाळ्यात कोणता रस्ता टाळावा, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. दूर शहरात बसून दहा साइटींचा मजकूर लिहिणाऱ्याला ते कुठून कळणार? गूगलच्या गुणवत्ता-तपासनिसांच्या मार्गदर्शक सूचनांत ई-ई-ए-टी असा शब्द आहे: प्रत्यक्ष अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता. त्यातला अनुभव डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला. कोणी ‘ई-ई-ए-टी स्कोअर वाढवून देतो’ म्हणालं तर ओळखा, असा कुठलाही स्कोअर गूगल देत नाही.

ऑन-पेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या पानावर करायचं सगळं काम. टायटल टॅग, म्हणजे निकालात दिसणारं निळं शीर्षक, यात सर्वांत महत्त्वाचं. त्याखालच्या दोन ओळी म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन. त्याने रँकिंग वाढत नाही, पण वाचणारा क्लिक करेल की नाही यावर त्याचा परिणाम होतो. फोटोचं वर्णन म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. आणि दरपत्रक फोटोच्या रूपात टाकलं असेल तर ते आधी मजकूर म्हणून टाइप करून टाका. पानाच्या वेगाच्या मोजमापांना कोअर वेब व्हायटल्स म्हणतात. त्यातलं पहिलं सांगतं की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. समुद्राचे पाच-सहा एमबीचे फोटो तसेच चढवले असतील तर ते होणार नाही. फोटो लहान करून टाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी, कोटेशनमधून सरळ खोडा. रँकिंगसाठी आम्ही ते वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

आता ऑफ-पेज, म्हणजे तुमच्या साइटबाहेरचं काम. त्यातली मुख्य गोष्ट बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या साइटला दिलेली लिंक. यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून थोडं मागून सांगते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँकचा आधार असा होता की एका साइटने दुसरीला दिलेली लिंक हा एक प्रकारचा विश्वास आहे, आणि तो देणाऱ्याचं वजन जितकं मोठं तितका तो मोलाचा. हे कळल्याबरोबर लिंक विकण्याचा बाजार उभा राहिला. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. काहीही संबंध नसलेल्या साइटींवरून आलेल्या ढीगभर लिंक्समुळे ती साखळी कपड्यांपासून गालिच्यांपर्यंतच्या शोधांत वर दिसत होती. गूगलने कारवाई केल्यावर ती अनेक शब्दांवर पहिल्या पानावरून थेट खूप खाली गेली. गूगलच्या माणसांनी स्वतः तपासून केलेल्या अशा कारवाईला मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. पुढच्याच वर्षी गूगलच्या रँकिंगमध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशा लिंक्स ओळखण्याचं काम आपोआप होऊ लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीकडे सावरायला माणसं होती, पैसा होता. चार खोल्यांच्या होमस्टेकडे काय असतं?

आणि डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, हा आकडा गूगलचा नाहीच. मॉझ नावाच्या कंपनीचा तो अंदाज आहे, १ ते १०० मधला, आणि गूगल तो वापरत नाही. ‘डीए ४० च्या वरच्या ५० बॅकलिंक्स’ याचा अर्थ विकत घेतलेल्या ५० लिंक्स एवढाच. लिंकसाठी पैसे दिले असतील तर त्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ची खूण (ही लिंक रँकिंगसाठी धरू नका, असं गूगलला सांगणारी) असावी असा गूगलचा नियम आहे. एजन्सीला विचारा की या लिंक्सवर ती खूण असणार का. उत्तर ‘नाही’ आलं तर धोका तुमच्या डोक्यावर, आणि ‘हो’ आलं तर रँकिंगसाठी त्या घेण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी चांगली बॅकलिंक म्हणजे तुमच्याकडे राहून गेलेल्या पुण्याच्या सायकल ग्रुपने आपल्या साइटवर लिहिलेला अनुभव. असे पाहुणे तुमच्याकडे येतच असतील. त्यांना लिहाल का म्हणून विचारायला संकोच नको.

कोटेशनमध्ये जे मुळीच नाही ते मी सर्वांत वर लिहिलं असतं: गूगल बिझनेस प्रोफाइल. नकाशावर होमस्टेचं नाव, फोटो, रिव्ह्यू आणि फोनचं बटण दिसतं, ते हेच. २०२१ पर्यंत याचं नाव गूगल माय बिझनेस होतं आणि अजून बरेच जण तेच म्हणतात. हेही फुकट. जवळपासच्या शोधात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं असं गूगल सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर कोणालाच बदलता येत नाही. जुळणीसाठी प्रकार, पत्ता आणि सोयी अचूक भरा, आणि पत्त्यात ‘ता. दापोली’ न विसरता लिहा. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका. ते नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यूलाही शांतपणे उत्तर द्या, कारण पुढचा पाहुणा ते उत्तर वाचून ठरवतो.

शेवटी पैसे आणि मोजमाप. इम्प्रेशन म्हणजे तुमची जाहिरात किंवा लिंक कोणाला तरी दाखवली गेली, बस. त्याने ती वाचलीच असं नाही. त्यामुळे लाखभर इम्प्रेशन्सचं वचन देणं सोपं असतं. समजा जाहिरात १०,००० वेळा दिसली आणि ३०० जणांनी क्लिक केलं, तर सीटीआर, म्हणजे क्लिकचं प्रमाण, ३ टक्के. एका क्लिकचे ८ रुपये पडले तर तो सीपीसी, आणि खर्च २,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,८३२. त्या ३०० मधून सहा बुकिंग झाली तर कन्व्हर्जन रेट २ टक्के, आणि एका बुकिंगमागे खर्च ४७२ रुपये. याला सीपीए म्हणतात. प्रत्येक बुकिंग ३,००० चं असेल तर विक्री १८,०००. एजन्सी रिपोर्टमध्ये ‘रोआस साडेसात’ लिहील, म्हणजे जाहिरातीच्या २,४०० रुपयांच्या साडेसातपट विक्री. पण जेवण, धुलाई, मजुरी वजा जाता एका बुकिंगमागे १,२०० उरत असतील, तर सहा बुकिंगचे ७,२०० आणि त्यातून २,८३२ गेल्यावर हातात ४,३६८ राहतात. महिन्याच्या शेवटी हा आकडा बघा, आणि एजन्सीची फी यातूनच जायची आहे हे धरून चाला. बुकिंगच्या साइटी जे कमिशन कापतात, त्याच्याशी ४७२ ची तुलना करून बघा. जाहिरात परवडते की नाही ते तिथेच कळेल.

जाहिरात करणारच असाल तर निगेटिव्ह कीवर्डचा आग्रह धरा. म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये ते शब्द. तुमच्या यादीत पहिले दोन ‘जंजिरा’ आणि ‘लातूर’. तुमचं बुकिंग फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, म्हणून त्या दोन बटणांवरचे क्लिक, साइटवर आलेले लोक काय करतात ते मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘की इव्हेंट’, म्हणजे महत्त्वाची कृती, म्हणून नोंदवायला सांगा. ते केलं नाही तर कन्व्हर्जनचा आकडा रिकामाच राहील आणि कोणालाही काहीही दावा करता येईल.

एजन्सी घ्यायची तर खुशाल घ्या. प्रामाणिक काम करणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून टायटल, वेग, मराठी-इंग्रजी पानं, बिझनेस प्रोफाइल आणि दरमहा सर्च कन्सोलमधले खरे आकडे एवढं मागा. डोमेन (साइटचं नाव), सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स, जाहिरातीचं खातं, सगळं तुमच्याच ईमेलवर असू द्या. बिझनेस प्रोफाइलवर मुख्य मालक तुम्ही आणि एजन्सी फक्त मॅनेजर. आत्ता ते उलटं असेल, तर कोटेशनवर सही करण्याआधी बदलून घ्या.